एका रिमोटवर दोघं

आयुष्यात मी एकच व्हिडिओ गेम खेळलो, आणि तोही निम्माच. रिमोटची उजवी बाजू बायकोच्या हातात असायची. गेम भिकार होता. हे मी ऐकीव सांगत नाही. संक्रांतीपासून चैत्रापर्यंत जवळजवळ रोज दुपारी आम्ही त्याच्यापुढे बसलो आहोत आणि त्याच्या एकेका खोडीला मी मनापासून शिव्या दिल्या आहेत. तरी तो बंद करावा असं आम्हा दोघांपैकी कुणी कधी सुचवलं नाही. तिला काही सुचवता येत नव्हतं म्हणा, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी नेकनूरला मोटारी भरतो. विहिरीतली किंवा बोअरमधली मोटार जळाली की लोक ती आणून माझ्या दारात टाकतात. मी आतली जळकी तार उपटून काढतो, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घालतो, वार्निश लावतो, वाळवतो, चालवून बघतो आणि परत देतो. घराची पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. एकुलता मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळी होऊन दुसरा आठवडा चालू होता. बायको सकाळी भाकरी थापत होती आणि थापता थापता भाकरी तिच्या हातातून परातीत पडली. मला वाटलं, चक्कर आली असेल. उजवं अंग गेलं होतं.

बीडच्या दवाखान्यातून घरी आलो तेव्हा ती भिंतीला धरून चार पावलं टाकत होती. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा, आणि तोंडात एकच शब्द उरला होता, ‘न्हाई’. चहा घेतेस का म्हटलं की ‘न्हाई’, आणि डाव्या हाताने कप स्वतःकडे ओढायची. पंखा लावू का, ‘न्हाई’, म्हणजे लावा. रागावली तरी न्हाई, हसली तरी न्हाई. चाल तेवढी वेगळी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं होतं, की हिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त शब्द ओठापर्यंत पोचत नाहीत. प्रश्न विचारा आणि थांबा, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, असंही म्हणाले होते. मी मान डोलावली होती. महिनाभरात विसरलो.

विसरायचं कारण सांगतो. मी थकलो होतो. याला दुसरा चांगला शब्द मला माहीत नाही आणि शोधायची हौसही नाही. तिची अंघोळ, तिचे कपडे, औषधं, भाकरी, भांडी, आणि मध्येच कुणी तरी मोटार आणून टाकलेली. रात्री दोनदा उठवून न्यावं लागायचं. तीस वर्षं तारेचे वेढे मोजून घालणाऱ्या माणसाला तीन पेडांची वेणी काही जमली नाही. मी घातलेली वेणी दुपारपर्यंत उकलायची आणि ती आरशात बघून डोळे मिटून घ्यायची. त्या काळात मला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, तिने बोलावं. दुसरी, मला सलग झोप मिळावी. पहिलीसाठी मी फार काही केलं नाही. दुसरीसाठी जे केलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

संक्रांतीला मुलगा आला. त्या दिवशी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. एकेक जण हिच्या हातावर तिळगूळ ठेवायची, ‘तिळगूळ घ्या’ म्हणायची, आणि पुढचं तोंडातच धरायची. गोड बोला असं हिला कसं म्हणायचं, हा प्रश्न एकीला पडला तसा सगळ्यांना पडला. त्या गेल्यावर बायको हातातल्या सात-आठ लाडवांकडे बघत बसली. मुलगा ते बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून एक काळी पेटी काढली, टीव्हीला जोडली आणि म्हणाला,

“आप्पा, त्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आईला अंगठ्याचा व्यायाम सांगितलाय न्हाई का? चेंडू दाबायचा तिला कंटाळा येतो. हे बघा. याच्यात अंगठाच लागतो.”

चेंडूचा कंटाळा येतो हे अगदीच सभ्य झालं. चेंडू ती मला फेकून मारायची, डाव्या हाताने. पेटी त्याच्या खोलीतल्या मित्राची जुनी होती, आणि तिच्यासोबत एकच चकती आली होती. दुसरी कुठली असती तर आमच्या नशिबी दुसरा गेम आला असता. आला तो हा.

गेमची गोष्ट अशी. डोंगरात एक पडका किल्ला असतो. एक दाढीवाला माणूस, तो म्हणजे आपण. त्याच्याजवळ धड हत्यार नाही, एक छोटी सुरी तेवढी आहे. काळे कपडे घातलेले शत्रू टोळीने येतात, आणि त्यांच्याशी समोरासमोर लढायचं नाही, त्यांच्या वाटेत सापळे लावायचे. खड्डा खणून वर पाला टाकायचा. दोरीचा फास. वरून पडणारं जाळं. दाराला बांधलेली खुंट्यांची फळी. आणि हे सगळं करत एका म्हाताऱ्या वाटाड्याला किल्ल्याच्या शेवटच्या दरवाजातून बाहेर काढायचं. तो म्हातारा आपल्या मागे मागे चालतो. ऐकायला बरं वाटतं. मुलाने सांगितलं तेव्हा मलाही वाटलं होतं.

प्रत्यक्षात त्या गेममध्ये एक गोष्ट सरळ असेल तर शपथ. आपण भिंतीजवळ गेलो की चित्र फिरून भिंतीच्या आत घुसायचं आणि पडद्यावर नुसता दगड दिसायचा. फास लावून मागे सरकावं तर आपलाच दाढीवाला त्यात उलटा टांगला जायचा. शत्रू कधी खड्ड्यावरून जमिनीवरून चालावं तसे चालत जायचे, आणि कधी एक पडला की बाकीचे अकरा त्याच्या मागोमाग ओळीने पडायचे, बघायचं नाही, थांबायचं नाही. दोन शत्रू तर किल्ल्याच्या एका कोपऱ्यात भिंतीला नाक लावून कायम धावत असायचे. मध्ये कुठे थांबवून ठेवायची सोय नाही. आमच्याकडे दुपारची वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेली की पुन्हा पहिल्या दरवाजापासून सुरुवात. पहिला दरवाजा मी डोळे मिटून काढू शकतो.

माझ्या धंद्यात अशा मोटारी येतात. नवशिक्याने भरलेल्या. टेबलावर लावली की गोड फिरते, आवाज नाही, तापत नाही. विहिरीत सोडून पाण्याचा भार आला की दहा मिनिटांत जळते. भरणाऱ्याने ती भारावर चालवून बघितलेली नसते. हा गेम करणाऱ्यांनीही तेच केलं असणार. सापळे मन लावून केलेले होते. दोरीचा पीळसुद्धा दिसायचा, जाळ्याच्या गाठी वेगळ्या दिसायच्या. पण समोरून खरोखर कुणी चालत आलं तर काय होईल, हे कुणी बसून बघितलेलं नव्हतं. शिव्या देता देता मला त्या न बघितलेल्या लोकांची कीव यायची. तेही थकले असतील, असं वाटायचं.

आमची पद्धत अशी होती. दुपारचं जेवण झालं की मी तिला खाटेवर भिंतीला टेकवून बसवायचो आणि तिच्या उजव्या बाजूला खेटून बसायचो. रिमोट तिच्या मांडीवर. डावीकडचा दांडा मी चालवायचा, म्हणजे दाढीवाल्याला चालवणं माझ्याकडे. उजवीकडची बटणं तिच्या अंगठ्याखाली, म्हणजे सापळा लावणं आणि सोडणं तिच्याकडे. माझा हात तिच्या पुढून आडवा जायचा, त्यामुळे दोघांनाही अवघडायचं. मी “हां, आता” म्हणायचो. तिच्या डोळ्यांत कळल्याचं दिसायचं, कपाळावर आठी यायची, मान हलायची, आणि बऱ्याच वेळाने अंगठा हलायचा. तोवर शत्रू निघून गेलेला. पण गेमचाही आपला एक उशीर होता. बटण दाबलं तरी जाळं लगेच पडायचं नाही. कधी कधी तिचा उशीर आणि गेमचा उशीर एकमेकांना जुळायचे आणि जाळं नेमकं डोक्यावर पडायचं. मग ती “न्हाई!” म्हणून ओरडायची, आणि त्या वेळी माझाही थकवा जरा वेळ जायचा.

म्हाताऱ्या वाटाड्याचं मात्र काही खरं नव्हतं. शत्रूने त्याला मारलं असं क्वचितच झालं. तो मरायचा आमच्याच सापळ्यांत. आपण जिथे खड्डा केला तिथूनच तो चालत यायचा, कारण आपण खड्डा केला हे त्याला सांगायची त्या गेममध्ये सोयच नव्हती. बटणं चौदा, पण ‘बाजूने ये’ म्हणायचं एकही नाही. म्हातारा पडला की लाल अक्षरं यायची आणि पहिल्यापासून.

शेजारी फळांचा गाडा लावणारा माझा दोस्त दुपारी गिऱ्हाईक नसलं की येऊन दारात बसायचा. मला उस्ताद म्हणतो. त्याला त्या म्हाताऱ्याचा फार राग.

“उस्ताद, हा बुढ्ढा कावून मरायला तिथंच येतो बे? आंधळा हाय का?”

“आंधळा न्हाई. त्याला कुणी सांगितलं न्हाई.”

“मग सांग की.”

“बटण न्हाई.”

“लई बेकार गेम हाय,” असं म्हणून तो तिच्यासमोर पपईची फोड धरायचा आणि मला विचारायचा, “भाभीला समजतंय का रे सगळं?” माणूस सोन्यासारखा. तिच्या आजारात रोज फळ आणून दिलं त्याने, आणि पैशाचा विषय काढू दिला नाही. पण हा प्रश्न तो तिच्या तोंडावर मला विचारायचा, आणि मी पण “समजतंय, समजतंय” असं तिच्या तोंडावर त्याला सांगायचो. ती एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायची आणि पपई खायची.

सापळ्यावरून एक जुनी गोष्ट आठवते. आमच्या घरात उंदराचा सापळा लावायचा तर बोलायचं नाही, अशी रीत होती. माझ्या आईची ठाम समजूत, की उंदराला माणसाचं बोलणं कळतं. सापळ्याचं नाव काढलं, कुठे लावला हे सांगितलं, की तो त्या रात्री तिकडे फिरकणारच नाही. म्हणून जी लावील तिने गुपचूप लावायचा आणि घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. सुनेने सासूकडून बाकी काय घेतलं माहीत नाही, हे मात्र तंतोतंत घेतलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुकानात तारेच्या गुंडाळ्यांमागे तिने स्प्रिंगचा लोखंडी सापळा लावला आणि तोंड मिटून राहिली. सकाळी मी अनवाणी तार काढायला गेलो. अंगठ्याचं नख महिनाभर काळं होतं. मी घर डोक्यावर घेतलं, तर ही म्हणते,

“सांगितलं असतं तर उंदरानं ऐकलं असतं न्हवं?”

“आन् मी ऐकलं असतं त्याचं काय?”

“तुमी कुठं काय ऐकता,” म्हणाली आणि हळद गरम करायला गेली. तेव्हा तिची जीभ अशी चालायची. खाटेवर तिच्याशेजारी बसून हे मी तिला आठवण करून दिलं, तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मला पाणी आणायला पळावं लागलं.

फाल्गुनात मोटारींचा हंगाम सुरू झाला. पाणी खाली जातं, मोटारी कोरड्या चालतात, जळतात. दारात सहा-सात मोटारी पडलेल्या आणि माणसं डोक्यावर बसलेली, पीक वाळतंय म्हणून. मी एका मोटारीचे वेढे चुकवले. तीस वर्षांत कधी चुकले नव्हते. पुन्हा सगळी तार उपटून काढत होतो आणि आतून ती ‘न्हाई, न्हाई’ म्हणून हाका मारत होती. मी आत गेलो आणि तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तिला फक्त पाणी हवं होतं.

त्याच दिवशी मी मागच्या अंगणात, पाण्याच्या हौदाजवळ जाऊन मेहुण्याला फोन लावला. माझा मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, मांजरसुंब्याच्या पलीकडे शेती करतो. घरात बायको, सून, माणसांचा राबता. दोन महिने तिला तुझ्याकडे ने, असं मी त्याला म्हणालो. आवाज बारीक ठेवून म्हणालो. तो बिचारा लगेच तयार झाला. पण ताईला सांगितलंत का, असं त्याने विचारलं.

“तिला सांगून काय हुनार? रडंल. न्हाई न्हाई करंल. तिला तेवढंच बोलता येतं.”

“मग न्यायचं कसं दाजी?”

आणि मग मी त्याला युक्ती सांगितली. तू जीप घेऊन ये आणि कपिलधारला दर्शनाला जाऊ असं म्हण. तिला कपिलधार आवडतं, नाही म्हणणार नाही. तिथून परस्पर घरी ने. एकदा तिकडे गेली की रमेल. चैत्रात कपिलधारच्या धबधब्याला पाण्याचा थेंब नसतो, दगड तापलेले असतात, त्या उन्हात आजारी बाईला दर्शनाला कोण नेतं, हा विचारही मला शिवला नाही. मला फक्त झोप दिसत होती. मेहुणा बरं म्हणाला.

त्यानंतर आठ दिवस मी तिच्याशी फार गोड वागलो. वेणी दोनदा घालायचो. दुपारी गेम लावायला उशीर करायचो नाही. ती औषधाने गुंगली की हळूच एकेक साडी काढून पिशवीत भरायचो, आणि पिशवी दुकानात वार्निशच्या डब्यांमागे ठेवायचो. दोन महिन्यांची औषधं आणून तीही त्यात ठेवली. त्या दिवसांत ती माझ्याकडे टक लावून बघायची, असं आता आठवतं. तेव्हा वाटायचं, पडद्याकडे बघतेय.

मेहुणा ज्या दिवशी यायचा होता त्या दिवशी दुपारी गेमने आमच्यावर मेहेरबानी केली. वीज गेली नाही. चित्र भिंतीत घुसलं नाही. दोन शत्रू नेहमीसारखे कोपऱ्यात भिंतीला नाक लावून धावत राहिले, बाकीचे जाळ्यात पडले. तिचा अंगठा संक्रांतीच्या मानाने पुष्कळ चालायला लागला होता, मी “आता” म्हणायच्या आधीच बटण दाबायचा. आणि तो म्हातारा, देव जाणे कसा, सगळ्या खड्ड्यांच्या कडेकडेने चालत शेवटच्या दरवाजापर्यंत आला. इतक्या महिन्यांत तो दरवाजा आम्ही कधी बघितला नव्हता. दाढीवाला आत गेला. म्हातारा उंबऱ्यावर उभा राहिला. आम्ही वाट बघितली. मी दाढीवाल्याला बाहेर आणलं, पुन्हा आत नेलं. म्हातारा काही हलेना. त्याचे पाय चालत होते, पण तो जागचा पुढे सरकत नव्हता.

“घ्या,” मी म्हणालो. “हे पण केलं न्हाई त्यांनी नीट.”

तेवढ्यात दारात जीप थांबली. मेहुणा आत आला, बहिणीच्या पाया पडला, पाणी प्यायला, आणि पाठ केलेलं बोलावं तसं एका दमात म्हणाला,

“ताई, चल, कपिलधारला दर्शन घेऊन येऊ. जीप आणलीय. लगेच निघू.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मी उठून दुकानात गेलो आणि पिशवी घेऊन आलो. आणावी लागणारच होती, पण आणताना मला कळलं की दर्शनाला जाणारं माणूस एवढी मोठी पिशवी नेत नाही. पिशवीचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं. वर तिचं जांभळं इरकल दिसत होतं आणि त्याच्यावर औषधांच्या पट्ट्यांची चळत. मेहुण्याने ते बघितलं आणि मान खाली घातली. त्याला खोटं बोलता येत नाही. माझ्याकडून शिकायला त्याला आठच दिवस मिळाले होते.

“दाजी म्हणले, दोन महिने आमच्याकडं ऱ्हा,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “त्यांची लई ओढाताण व्हायलीय. तुला न सांगता न्यायचं म्हणले.”

मी त्याला गप्प करायला हवं होतं, पण मलाही एकाएकी ते सगळं फार जड झालं आणि मी पिशवी तशीच खाली ठेवली. बायकोचं तोंड हलायला लागलं. ‘न्हाई’ येणार, असं मी धरून चाललो होतो, आणि ते आल्यावर काय बोलायचं हेही मी ठरवून ठेवलं होतं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. गळ्याच्या शिरा ताणल्या. माझ्या ओठांवर तिचं वाक्य आलं होतं, ‘मला जायचं न्हाई’, आणि मी ते नेहमीसारखं पुरं करून टाकणार होतो. मेहुणा “ताई, पाणी—” असं काहीतरी म्हणायला लागला. का कुणास ठाऊक, मी त्याचा दंड धरला.

“मला,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. “मला... इचारा.”

दिवाळीपासून ज्याची वाट बघत होतो ते असं आलं. आनंद झाला म्हणावं तर खोटं होईल. मला शरम वाटली, आणि ती इतकी होती की तिच्यापुढे उभं राहवेना. मी खाटेवर तिच्या शेजारी, नेहमीच्या जागी बसलो. रिमोट अजून तिच्या मांडीवरच होता.

“भावाकडं जातीस का?” मी म्हणालो. “दोन महिने. मी लई थकलोय. मला झोप न्हाई. चार महिने झोप न्हाई.”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाला फोनवर सगळं ठीक आहे म्हणायचो. तिला सांगायचं तर तिचा आजार, आणि वर माझी रड कशाला, असं वाटायचं. मी थांबलो. मेहुणा दाराशी जाऊन उभा राहिला. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, तिचं बोलणं मध्ये न तोडता तिच्याकडे बघत होतो.

“जाते,” ती म्हणाली.

“दोन महिने ऱ्हा बरं का ताई,” मेहुण्याला धीर आला. “आमच्या घरी सगळे—”

“न्हाई.” हा ‘न्हाई’ मात्र स्वच्छ नकाराचाच होता. “पंधरा.” मग उजवा हात मांडीवरून थोडासा उचलला आणि माझ्याकडे केला. “पंधरा दिस.”

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ती म्हणते तेवढे. पिशवीतल्या निम्म्या साड्या मी परत काढल्या आणि औषधं पंधरा दिवसांची मोजून ठेवली. जीपमध्ये तिला आम्ही दोघांनी मिळून बसवलं. मागे उशी दिली, पाय नीट केले. मी दार लावायला गेलो तेव्हा तिने माझं मनगट धरलं, उजव्या हाताने. पकडीत जोर नव्हता, पण पकड सुटत नव्हती. पुन्हा ओठांची ती सगळी खटपट सुरू झाली. उन्हात आम्ही तिघे, आणि गाड्याजवळ माझा फळवाला दोस्त, असे थांबून होतो.

“तुमी,” ती म्हणाली, “निजा.”

जीप गेली. दोस्ताने गाड्यावरून हात केला आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. मी आत आलो, टीव्ही बंद केला आणि तिच्या खाटेवर आडवा झालो. वाटलं होतं, मनाला इतकं लागल्यावर झोप कसली येतेय. पण देहाला मनाचं फार पडलेलं नसतं. मी भर दुपारी, दार सताड उघडं टाकून झोपलो, आणि उठलो तेव्हा अंगणातली सावली पार दुसऱ्या बाजूला गेली होती. उठून बसलो आणि मग रडलो. जिला फसवून पाठवायचं मी ठरवलं होतं, ती जाताना माझ्या झोपेची काळजी करून गेली होती. तिला विचारायला एक वाक्य लागणार होतं, आणि ते मी चार महिने तोंडात धरून बसलो होतो.

मेहुण्याशी ठरलं होतं, की पंधराव्या दिवशी सकाळी दहाला त्याने तिला घेऊन मांजरसुंब्याच्या फाट्यावर यायचं आणि मी तिथून तिला रिक्षाने आणायचं. सहाला मी तिथे पोचलो होतो. ढाबेवाल्याने बाकडी अजून मांडायचीच होती. तो म्हणाला, काका, चहाला वेळ आहे. मी म्हणालो, चालेल, मला घाई नाही.